तीन ओट्यांची मालकीण

आये, तुझं चित्र काढलंय आपल्या पेठेत. घाटावरनं वर चढून आलं की डाव्या हाताला शाळेची लांब भिंत लागते, तिच्यावर. माणसापेक्षा मोठं. तू गादीवर बसलीयेस, अंगावर हिरवं लुगडं, नाकात नथ, पुढ्यात तागडी आणि शेजारी धान्याची पोती. खाली अक्षरं लिहिलीयेत, ‘पेठेतल्या पहिल्या बाई व्यापारी’. येणारे-जाणारे थांबतात, मोबाईल काढून फोटो घेतात. हे सगळं माझ्यामुळं झालं, आणि तुला ते कसं सांगावं हे मला कळेना, म्हणून लिहायला बसले. माझं लिहिणं तुला ठाऊक आहे. चौथीच्या वर शाळा नाही, आणि चौथीही अर्धीच. वेलांटी चुकली तर समजून घे. तसं तुला वाचताच येत नव्हतं, म्हणजे चूक तुला दिसायची नाही. आपलं दोघींचं बरं जमतं.

सुरुवात नातीनं केली. माझी नात, थोरल्याची पोरगी, कोपरगावला कॉलेजात जाते. तू तिला पाहिली नाहीस, पण तिची हनुवटी तुझी आहे आणि बोलणंही तुझ्यासारखंच, समोरच्याला बोलू म्हणून द्यायचं नाही. तिच्या कॉलेजातल्या पोरापोरींनी ठरवलं की पेठेचा इतिहास भिंतीवर रंगवायचा. मला आधी हसूच आलं. म्हटलं, इतिहास राजाचा असतो, किल्ल्याचा असतो, आपल्या पेठेचा कसला इतिहास? तर म्हणते, “आजी, नदीवर नावा लागत होत्या म्हणून ही पेठ झाली. हे आता सांगणारं कुणी राहिलं नाही. तू सांग.” आणि मला हाताला धरून मारुतीच्या पारावर नेऊन बसवलं. पुढं सगळी पोरं मांडी घालून बसलेली. सुनबाईनं मला मुद्दाम नवी साडी नेसवली होती. “आत्या, व्हिडिओ निघनार हाय,” म्हणाली. इतकी माणसं माझ्याकडं तोंड करून बसलेली मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

आणि आये, मी काय बोलले गं त्या दिवशी! मला थांबवायलाच कुणी नव्हतं. मी नावेपासून धरलं. म्हटलं, तवा पूल नव्हता. उन्हाळ्यात गोदावरीच्या पात्रातून बैलगाड्या यायच्या, वाळूत चाक रुतलं की सगळी पेठ ढकलायला जायची. पावसाळा लागला की नाव. पल्याडच्या गावांची बाजरी, हरभरा, करडई, सगळं नावेतून घाटाला उतरायचं. नावाडी लांबूनच ओरडायचा, की इकडं हमाल डोईला पटका गुंडाळत पायऱ्या उतरायचे. घाटापासून वेशीपर्यंत सगळी दुकानं. खाली नदीजवळ दोरखंडवाला, मग तेलघाणा, घाण्याचा बैल डोळ्याला झापड लावून फिरायचा आणि आम्ही पोरं त्याच्यामागं फिरायचो. मग सोनार, मग कापडवाले, मग भेळभत्त्याचं दुकान, आणि वर वेशीच्या तोंडाला आडतीची दुकानं, धान्याची. त्यांचे उंच दगडी ओटे. शेतकऱ्यानं माल आणून ओट्यापुढं ओतायचा, शेठनं गादीवर बसून भाव करायचा, आणि मापाऱ्यानं पायलीनं मोजायचं. मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, हे सांगितलं तर पोरं इतकी खूश झाली की एक जण म्हणाला, “आजी, पुन्हा म्हणा.” मग मी मापाऱ्याच्या सुरात म्हणून दाखवलं. टाळ्या पडल्या. मग पूल झाला आणि नावा गेल्या तेही सांगितलं. ट्रक आले, मग मार्केट यार्ड बाहेर हायवेला गेलं आणि आडती त्याच्यामागं गेल्या. आता त्या ओट्यांवर मोबाईलची दुकानं आहेत, एकावर ब्यूटी पार्लर आहे. धान्य प्लास्टिकच्या पोत्यात येतं, दाणा गळत नाही.

दाणा गळत नाही म्हटलं आणि माझी जीभच अडखळली.

कारण पोरांमधली एक पोरगी नेमकी तिथंच विचारती झाली, “आजी, तुमच्या घरच्यांचं काय होतं पेठेत?” माझ्या एका बाजूला नात बसलेली, दुसऱ्या बाजूला आडतीच्या मोठ्या शेठचा नातू, ज्याचं आता आज्याच्याच ओट्यावर मोबाईलचं दुकान आहे. समोर मोबाईल धरलेले. मी म्हटलं, “आमच्या आईचं धान्याचं होतं.” इथवर ठीक होतं, इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण पोरगी म्हणाली, “म्हणजे दुकान होतं? बाईचं दुकान, त्या काळात?” आणि नात माझ्याकडं अशी बघायला लागली, डोळे हे एवढे. मी म्हटलं, “व्हय. दुकानच.”

शेठचा नातू हसून म्हणाला, “मग काय आजी, आमच्या आज्याची आणि तुमच्या आईची लई टक्कर व्हत असंल धंद्यात!”

मी म्हटलं, “व्हायचीच की.”

आये, जीभ झडली नाही माझी.

तू माझ्या डोळ्यापुढं आहेस बघ आत्ता. बाजाराचा दिवस आहे. उजाडायच्या आधी तू शेणाची पाटी घेऊन पेठेत जातेस आणि तीन ओट्यांपुढची जमीन सारवून काढतेस. इतकी गुळगुळीत की पायाला घरातल्यासारखी लागते. हा सौदा तुझ्या सासूपासूनचा. बाजाराआधी सारवायचं, बाजार उठल्यावर झाडायचं, आणि झाडलेलं सगळं आपलं. दाण्यासकट, मातीसकट. दुसऱ्या बायका नुसत्या झाडायच्या, त्यांचा निम्मा दाणा भेगांत जायचा. तुझ्या सारवणावर दाणा पडला की वर बसून राहायचा. दिवसभर तू एका कडेला उभी, हातात खराटा, शेळ्या हाकलत, कबुतरांना शिव्या देत. मापारी पायली भरायचा तेव्हा तुझा डोळा पायलीच्या शिगेवर, काठाच्या वर चढणाऱ्या राशीवर. शीग जितकी उंच तितकं जास्त सांडायचं. म्हणून तू त्या मापाऱ्याला पान खिलवायचीस. तो पान तोंडात धरून म्हणायचा, “वैनी, आज शीग कशी पायजे?” आणि तू म्हणायचीस, “देवळाच्या कळसावानी.” शेठला ते दिसत होतं. तो गालात हसायचा.

बाजार उठला की तू कासोटा खोचून वाकायचीस. भिंतीकडून सुरुवात, आणि एकेक हात बाहेर सरकत यायचं, धूळ न उडवता. मी मागं सूप घेऊन. मग घरी आपल्या चुलीपुढं चाळणं आणि पाखडणं. बाजरी, ज्वारी, मठ, हुलगे, सगळं एकत्र. पाखडून पाखडून माती गेली तरी सगळं धान्य वेगळं करता यायचं नाही, मग तसंच जात्यावर. आपली भाकरी कधी एका रंगाची झाली नाही. कधी तपकिरी, कधी हिरवट. आणि दाताखाली कच्‌ वाजायचं. वाजलं की तू म्हणायचीस, “पेठ लागली गं दाताला,” आणि आपण हसायचो. एका संक्रांतीला तू सगळ्या झाडणीतून तीळ वेगळे काढून ठेवलेस, थोडे थोडे, कापडाच्या पुरचुंडीत. पाण्यात टाकून खडे खाली बसवलेस, तीळ वरचे वर काढून वाळवलेस. त्या तिळाचे लाडू मी वर्गात वाटले. गुरुजींच्या दाताखालीही कच्‌ वाजलं असणार. पण त्यांनी दुसरा मागितला.

मला तेव्हा लाज वाटत नव्हती, आये. हेच मला आता उलगडत नाही. मी तुझ्या झाडणीच्या ढिगावर बसून पेठेतल्या पोरींना सांगायचे, हे तीन ओटे आमचे. माझं खरंच तसं मत होतं. तुझंही होतं. एकदा नव्या मुनीमानं दुसऱ्या बाईला आणून तुझ्या जागेवर उभं केलं, आठवतं? तू खराटा आडवा धरून मधल्या ओट्याच्या पायरीवर उभी राहिलीस आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणालीस, “ह्या तीन वट्यांची मालकीन मी हाय. शेठ गादीवरचा, मी गादीखालची. त्याला उठीवनार आसशील तर मला उठीव.” सगळी पेठ खो खो हसली, शेठही हसला, आणि मुनीम त्या बाईला घेऊन गेला. मी त्या दिवशी छाती काढून चालत होते.

आणि मारलंस तेही आठवतं. मी हरभऱ्याच्या पोत्याला पडलेल्या भोकात बोट घालून ते मोठं करत होते. मूठभर जास्त सांडावं, एवढंच मनात. तू तिथंच, पेठेत, सगळ्यांसमोर पाठीत धपाटा घातलास. “खाली पडलं ते आपलं. पोत्यातलं त्याचं. येवढं कळंना तर घरी बस.” मापाऱ्याला पान खिलवणारी तू, आणि पोत्याला बोट लावलं म्हणून मला मारणारीही तूच. मी विचारलंसुद्धा, “मग पान का देतीस?” तर म्हणालीस, “पान दिल्यानं शीग वाढती, भोक न्हाई पडत.”

लाज मला लग्नानंतरही आली नाही. सासरी, पेठेला लागूनच्या मळ्यात, ऊस होता, कॅनॉलचं पाणी होतं, पांढरीशुभ्र भाकरी होती. यांना सगळं ठाऊक होतं, पण हे कधी एका शब्दानं बोलले नाहीत. लाज मला आत्ता आली, म्हातारपणी, पोटभर जेवून झाल्यावर, नवी साडी नेसून पारावर बसल्यावर. मला वाटलं, ही पोरं मघापासून टाळ्या वाजवतायत. आता ‘आई ओट्याखालचं झाडून न्यायची आणि आम्ही ते खायचो’ म्हटलं तर त्या टाळ्या थांबतील. नातीचं तोंड उतरेल. तिच्या मैत्रिणी तिच्याकडं कशा बघतील? मी तिला वाचवलं म्हणावं, तर तिला कशापासून वाचवलं? तुझ्यापासून. तिच्या स्वतःच्या पणजीपासून. हे लक्षात आलं तेव्हापासून मला घास गोड लागेना.

त्या वेळचं एकच माणूस पेठेत उरलंय. तो हमाल, माझ्या बापाबरोबर, दादांबरोबर, नावेतली पोती उतरवायचा तो. दादा तापानं गेले तेव्हा खांदा दिला होता त्यानं. आता पार वाकलाय, काठी घेऊन पारावर बसतो. त्या दिवशीही बसला होता, एका कडेला, कानाला हात लावून. पोरं उठून गेल्यावर मला म्हणाला, “काय गं ए, कवा टाकलं म्हन दुकान? मला सांगायचं हुतं. पोती तरी वाह्यली आस्ती.”

मी म्हटलं, “गप बसा की भाऊ.”

“मी गप हाय म्हनूनच तुजं दुकान चालू हाय,” म्हणाला, आणि खोकेपर्यंत हसला. मग हसू थांबवून म्हणाला, “तुजी माय आसती तर तिनं माईक हिसकून घेतला आस्ता. वरडून सांगितलं आस्तं, म्हन ह्या पेठंला म्या झाडून काढलंय.”

ते मला लागलं. कारण खरं होतं.

मग पोरांनी रंग आणले. रोज दुपारी मी तिथं खुर्ची टाकून बसायचे आणि नात शिडीवर. आधी नदी काढली, निळी, मग नावा, घाणा, बैल. बैल मला दाखवला, मी म्हटलं झापड राहिली, तिनं काढली. मला इतकं बरं वाटायचं बघ. पोरगी रंगानं माखलेली, केसात हिरवा रंग, आणि दर थोड्या वेळानं, “आजी, हे असंच होतं ना?” मी म्हणायचे, असंच. आणि मग एके दिवशी ती तुझ्यावर आली. आधी गादी काढली, मग तू. “आजी, पणजीचं नाक कसं होतं?” मी म्हटलं, “तुझ्यासारखंच.” ती हसली आणि नाकात नथ घातली. तुझ्याकडं नथ नव्हती. कानातल्या फुल्यांवर तुझं सगळं आयुष्य निघालं. तरी मी मान डोलावली.

दोन दिवस मी सांगेन सांगेन म्हणत राहिले. एकदा म्हटलं, “बाई गं, इकडं ये, एक सांगायचंय.” ती शिडीवरून उतरून आली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली, “काय गं?” तिचा तो चेहरा बघून माझ्या तोंडून निघालं, “तिच्या हातात खराटा पायजे.”

“खराटा? दुकानदारीणीच्या हातात?”

“हां. तिच्याजवळ असायचाच.”

“कशाला गं?”

आये, इथं दार उघडं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, “झाडायला.”

ती पुन्हा शिडीवर चढली. मग तिनं गादीच्या बाजूला, भिंतीला टेकवून, एक खराटा काढला. फार सुंदर काढला, काडी न्‌ काडी. मला वाटलं, चला, तुझं तुला थोडं तरी दिलं. निम्मं पाप फिटलं.

रविवारी कार्यक्रम झाला. माईक, सतरंजी, शाल, श्रीफळ. कॉलेजातल्या एक मॅडम आल्या होत्या, त्या चित्रापुढं उभ्या राहून म्हणाल्या, “बघा, दुकानाच्या मालकीण असूनही ह्या स्वतः झाडत होत्या. केवढा साधेपणा!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. नातीनं माझ्याकडं बघून डोळे पुसले. शेठच्या नातवानं माझे पाय धरले. मी खुर्चीत बसल्या बसल्या आकसत गेले. सत्याचं एक चिपाड टाकलं आणि त्यानंही खोट्याचीच चूल पेटली. मला माईक दिला. मी म्हटलं, “माझी आई फार कष्टाळू होती,” आणि माईक परत दिला. त्या म्हाताऱ्या हमालानं काठीवर हनुवटी टेकली आणि दुसरीकडं तोंड केलं. हसलासुद्धा नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

शाल घरी आल्यावर सुनबाईनं घडी घालून कपाटात ठेवायला घेतली, मी म्हटलं राहू दे बाहेर. मला तिला हात लावावा वाटेना आणि नजरेआडही करवेना.

हे सगळं लिहून झालं की कागद नातीच्या हातात द्यायचा, असं मी ठरवून बसले होते. माझ्या तोंडानं जमत नाही तर तिनं वाचून घ्यावं. ती रागावेल, मग रडेल, मग माझी खात्री आहे, रंगाचा डबा घेऊन जाईल आणि तुला गादीवरून उठवून खाली उभी करेल. वाकलेली. तसंच व्हायला पाहिजे. ते खरं आहे, आणि तूही तेच मागितलं असतंस.

पण मी देत नाही. आज सकाळी कुणी नसताना मी एकटी जाऊन चित्र बघून आले. पुष्कळ वेळ बघितलं. पोरीनं तुझ्या पाठीला लोड दिलाय, पांढरा, मोठा, आणि तू त्याला रेलून बसलीयेस. आये, मी तुला चुलीपुढं बसलेली पाहिलीये, सुपावर ओणवी. जात्यावर पाहिलीये. शेवटी शेवटी तर तुझी पाठ सरळच होत नव्हती, कुशीवरच गेलीस. पाठ टेकून निवांत बसलेली तू मला या जन्मात पहिल्यांदा दिसलीस. तेवढ्यासाठी मी खोटं तसंच राहू दिलंय.